फेब्रुवारीतलं प्रदर्शन

पुण्याच्या टेकड्यांवर काटेसावर फुलायला लागली की कॉलेजच्या ग्रुपवर तारीख येते. आमच्या लँडस्केप विभागाचं, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांची रचना शिकवणाऱ्या विभागाचं, वार्षिक प्रदर्शन फेब्रुवारीतच असतं. पानगळीत झाडाचा सांगाडा दिसतो, आणि सांगाड्यावरून झाड ओळखता येत नाही तोवर ते आपल्याला कळलेलं नाही, असं आमच्या मॅडमचं ठाम मत. म्हणून त्या दिवसाची सुरुवात वेताळ टेकडीवर होते. गिरिपुष्पाच्या गर्दीतून वाट काढत निष्पर्ण मोई शोधायची, सालईच्या सोललेल्या सालीवर हात फिरवून बघायचा, आणि उन्हं तापायच्या आत खाली उतरून मिसळीवर ताव मारायचा. मग दुपारी प्रदर्शन, संध्याकाळी जुन्या-नव्यांची बैठक. हा क्रम आजवर बदललेला नाही आणि तो कुणी बदलू नये.

खरं वेगळेपण आहे ते पाहुण्यांत. एरवीच्या ज्युरीला, म्हणजे कामाच्या परीक्षणाला, आर्किटेक्ट मंडळी येतात, आराखड्याच्या शीटसमोर उभी राहतात, ‘कॉन्सेप्ट’बद्दल विचारतात. प्रदर्शनाला मात्र नर्सरीवाले येतात, सोसायट्यांमधले माळी येतात, आणि ज्या जागेवर वर्षभर काम केलं तिथली माणसं येतात. त्यांना आमंत्रण द्यायला विद्यार्थ्यांनी स्वतः जायचं, हा नियम आहे.

आम्ही पहिल्या वर्षाला होतो तेव्हा स्टुडिओचा, म्हणजे वर्षभराच्या आराखड्याचा, विषय होता आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरातून निघून, भर वस्तीतून वाट काढत मुठेला मिळणारा हा ओढा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री असा काही फुगला, की पुणेकरांना तो पहिल्यांदाच दिसला असं म्हणायला हरकत नाही. आम्ही महापालिकेचे नकाशे मिळवले, कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढल्या, दर शंभर मीटरवर सेक्शन, म्हणजे ओढ्याचे आडवे छेद, घेतले. काठावर वाळुंज, करंज, उंबर कुठे लावायचे, भिंतींऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा मातीचा उतार कुठे शक्य आहे, असं सगळं मोठ्या हौसेनं मांडलं होतं.

दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या एक मावशी नातीला घेऊन आल्या होत्या. नकाशा त्यांना लगेच कळला. कुठला जिना, कुठलं देऊळ, सगळं बोटानं दाखवत गेल्या. सेक्शनपाशी आल्यावर थांबल्या. पूररेषेच्या निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, “पाणी इकडून नाही आलं गं. आधी मागून आलं, गटारातून. घरात गुडघाभर झालं तेव्हा ओढा अजून भिंतीच्या आतच होता.” मॅडमनी त्यांच्या हातात लाल पेन्सिल दिली. मावशींनी जरा बिचकतच, पण न थांबता, पाणी ज्या वाटेनं शिरलं ती वाट शीटवर काढली. पावसाळी गटारं ओढ्याला जिथे मिळतात, तिथून उलटं चढलेलं पाणी होतं ते. कुठल्याच नकाशावर ती वाट नव्हती. ते शीट आजही दर वर्षी लागतं, त्या लाल रेघेसकट, आणि नव्या मुलांना सगळ्यात आधी तिथेच नेतात.

पुढे वाघोलीच्या दगडखाणी झाल्या, एका शाळेचं अंगण झालं. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. माझा जीव जडला तो थीसिसच्या विषयावर.

मी पालखीतळ घेतला होता, फलटण तालुक्यातला. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी आषाढात एका रात्रीपुरती तिथे टेकते. त्या रात्री मैदानावर गावाच्या कैकपट माणसं. बाकी वर्षभर तिथे गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. एका रात्रीसाठी अख्खं मैदान फरसबंद करायचं का? मला ते पटत नव्हतं. माती काळी, चार सरी पडल्या की पाय उचलत नाही. म्हणून मैदानाला मधून कडेकडे हलका उतार, शंभर फुटाला साधारण एक फूट. कडेनं चर, चरांत वाळा. मुरमाचे पट्टे फक्त राहुट्यांच्या रांगांखाली. आणि सावलीला कडुलिंब, वड, चिंच, सगळी परिघावर. मध्यभाग मोकळा ठेवला होता.

मॉडेल जमिनीवर मांडलं होतं, चांगलं दोन मीटर लांब. एका पाहुण्या आर्किटेक्टना तो मोकळा मध्यभाग रिता वाटला. तिथे काहीतरी उभारायला हवं, एखादी खूण, असं त्यांनी सुचवलं. तळावर भेटलेले एका दिंडीचे विणेकरी आजोबा माझ्या आमंत्रणाला मान देऊन आले होते. ते मॉडेलशेजारी मांडी घालून बसले आणि शांतपणे सांगू लागले. मध्ये माउलींचा तंबू. समाजआरतीला भोवती गोल करून दिंड्या उभ्या राहतात, टाळ वाजत असतात. चोपदारानं दंड वर केला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. “तो दंड शेवटच्या टाळकऱ्याला दिसला पाहिजे, माउली. मध्ये काही नको.”

मग त्यांनी मॉडेलमधले माझे पुठ्ठ्याचे ट्रक उचलले आणि एकेक करून दुसरीकडे ठेवायला सुरुवात केली. सामानाचे ट्रक चालणाऱ्यांच्या आधी पोचतात, स्वयंपाक आधी चढतो, टँकर रात्रीही फिरतो. म्हणजे ट्रकची वाट बायकांच्या आंघोळीच्या जागेवरून जाता कामा नये. रथापुढच्या 27 दिंड्या कुठे, मागच्या कुठे, हे बोलत बोलत त्यांनी मैदानाची अख्खी रात्र माझ्यासमोर उभी केली. मी शेजारी बसून भराभर लिहीत होते. थीसिसच्या अहवालातलं सगळ्यात चांगलं पान त्या दुपारचं आहे, हे मी कुणालाही अभिमानानं सांगेन.

नोकरी लागल्यावर जग बदललं. आमच्या ऑफिसची निम्मी कामं पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागा. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला दोन टनांच्या जवळ जातं, त्यामुळे मातीच्या प्रत्येक इंचासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बोलणी करावी लागतात. झाडाला निदान चार फूट माती हवी, हे दर मीटिंगला नव्यानं सांगायचं. साइटवर फक्कीनं लाइनआउट द्यायचा, म्हणजे कागदावरच्या रेषा जमिनीवर आखायच्या. आंध्रातल्या कडियमहून गोणपाटात बांधलेल्या मुळांची झाडं ट्रकनं रात्री येतात, ती उजाडायच्या आत उतरवून घ्यायची. मला हे काम मनापासून आवडतं. फक्की टाकून झाली की कागदावरची वळणरेषा पहिल्यांदा पायाखाली येते, त्या क्षणासाठी मी कितीही वेळ उन्हात उभी राहीन.

आता मी प्रदर्शनाला संध्याकाळच्या बैठकीसाठी जाते. जुन्या विद्यार्थ्यांनी तिथे चकचकीत थ्री-डी चित्रं आणायची नाहीत. आणायची ती ‘जगली-मेली यादी’: दोन-तीन वर्षांपूर्वी काय लावलं, काय तगलं, काय गेलं आणि का. धायटीचं झुडूप भर उन्हात सुंदर राहतं आणि शिंजीर पक्षी त्याच्यावर तुटून पडतात, हे मला अशाच एका यादीतून कळलं. पण बाजारातल्या नर्सऱ्यांत धायटी सहजी मिळत नाही. म्हणून बैठकीला रोपांची अदलाबदल सुरू झाली. कुणी भोरकडून कौशीच्या बिया आणतं, कुणी गच्चीवर वाढवलेली वारसची रोपं. निघताना प्रत्येकाच्या गाडीत दोन-चार काळ्या पिशव्या असतात.

एका वर्षी मॅडमनी दिल्लीच्या ‘सुंदर नर्सरी’ या बागेच्या स्लाइड दाखवल्या होत्या. तिचा आराखडा करणारे मोहम्मद शाहीर 2015 मध्ये गेले, आणि ती लोकांसाठी खुली झाली 2018 मध्ये. त्यावर मॅडम काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या स्लाइडवर नुसती गर्दी होती, हिरवळीवर डबे उघडून बसलेली कुटुंबं.

यंदा मी आमच्या साइटवरच्या माळीकाकूंना सोबत नेणार आहे. पोडियमवरचं लॉन उन्हाळ्यात टँकरवर जगवायचं सोडून अर्ध्या भागात काय लावता येईल, याची त्यांची स्वतःची यादी तयार आहे. बिल्डरच्या मीटिंगमध्ये ती कुणी ऐकून घेतली नाही. बैठकीत त्यांच्यासाठी वीस मिनिटं मागून ठेवली आहेत.