वाळवंटातली टाकी: बायबलच्या प्रदेशात पाणी बघत फिरताना

माण, खटाव, जत, आटपाडीकडचा माणूस बायबलच्या प्रदेशात गेला, तर त्याने आधी पाणी बघावं. पाण्याची ओढाताण त्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडच्या सहलींच्या कार्यक्रमात बेथलेहेम, यरुशलेम, गालील असतं. दक्षिणेला नेगेबच्या वाळवंटाकडे बस सहसा वळत नाही. वळली तरी मसादाचा रोप-वे आणि मृत समुद्रात तरंगणं एवढंच. बुकिंग करतानाच एक-दोन दिवस दक्षिणेसाठी मागून घ्या.

मसादा म्हणजे आपल्या डोळ्यांना सरळ सरळ एक गड. मृत समुद्राच्या पातळीपासून सुमारे ४५० मीटर उंच, माथा सपाट, चहूबाजूंनी कडे. बायबलमधल्या हेरोद राजाने वायव्येच्या उतारात १२ टाकी खोदून घेतली, दोन ओळींत. एकूण साठा सुमारे ४०,००० घनमीटर, म्हणजे चार कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने हिशेब केला तर चार हजार खेपा! खाली झरा नाही, विहीर नाही. शेजारच्या दोन ओढ्यांना बांध घालून पुराचं पाणी पाटाने टाक्यांत सोडलं. हिवाळ्यातल्या दोन-चार पुरांवर हा साठा व्हायचा, आणि तिथून पाणी माथ्यावर वाहून न्यायचे. पूर्वेच्या रोप-वेने चढणाऱ्याला ही टाकी दिसत नाहीत. त्यासाठी अरादहून पश्चिमेच्या बाजूला जा. तिथे रोमन वेढ्याचा मातीचा चढ आहे, वीसेक मिनिटांत माथा गाठता येतो. पूर्वेची सर्पवाट तासाभराची, आणि उन्हाच्या दिवसांत ती बंद ठेवतात. पूर्व-पश्चिम बाजू जोडणारा थेट रस्ता नाही, मोठा वळसा पडतो. ड्रायव्हरला कुठल्या बाजूला यायचं ते आधीच स्पष्ट सांगा, इथेच घोळ होतो. माथ्यावर दक्षिण टोकाला एक मोठं टाकं आहे, त्यात पायऱ्यांनी उतरता येतं. भिंतींवर काळी रेघ दिसेल: रेघेखालचं मूळ बांधकाम, वरचं नंतर रचलेलं.

टाक्यात उतरलात की भिंतीवर हात फिरवा. गिलावा लागेल. अजिंक्यताऱ्यावरची टाकी काळ्या कातळात आहेत, तो पाणी धरतो. तिकडचा खडक चुन्याचा, भेगाळ. गिलाव्याला तडा गेला की पाणी गेलंच. बायबलमधल्या यिर्मया २:१३ मधल्या, पाणी न टिकणाऱ्या फुटक्या हौदांचा अर्थ ती भिंत बघितल्यावर नीट उलगडतो.

यरुशलेमातला हिज्कीया राजाचा पाण्याचा बोगदा मात्र चुकवू नका. गीहोन झऱ्यापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंत ५३३ मीटर, इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरचा, २ राजे २०:२० मध्ये उल्लेख असलेला. दोन्ही टोकांकडून खोदत येऊन मधे गाठ घातलेली, आणि एवढ्या लांबीत उतार जेमतेम ३० सेंटीमीटर! मधोमध छिन्नीच्या खुणांची दिशा बदलते, ती जागा शोधा. तिच्या अलीकडे-पलीकडे थोडं खोदून सोडून दिलेले चुकीचे फाटेही आहेत. १८८० मध्ये सापडलेल्या शिलालेखात पलीकडच्यांचा आवाज ऐकू आल्याचं वर्णन आहे. मूळ दगड इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत येतं. चपला नकोत, मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला. मोबाइलच्या उजेडावर जाऊ नका, हात भिंतीला लागतात आणि फोन पाण्यात पडतो; डोक्याला बांधायची बॅटरी न्या. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि कोंदट जागेची भीती असणाऱ्यांनी कोरड्या कनानी बोगद्याने जावं. शनिवारी हे ठिकाण बंद असतं, शुक्रवारी लवकर बंद होतं.

बैर-शेबाला प्राचीन गावाच्या टेकाडावर, वेशीशी ६९ मीटर खोल विहीर आहे. लिंबची बारा मोटेची विहीर पाहिलेल्यांनी तिच्यात जरूर डोकावावं. वेशीच्या आत, टेकाडाखाली खोदलेले हौद आहेत. उतरताना हेल्मेट देतात, घालाच, छत खाली येतं.

सगळ्यात शिकण्यासारखं ठिकाण म्हणजे नेगेबमधलं प्राचीन गाव अवदात. वर्षाला पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास, तरी नबाती (पेट्रा वसवणारे प्राचीन अरब व्यापारी) आणि पुढे बायझंटाइन काळातले लोक तिथे शेती करत. आपण समतल चर काढून पाणी पडेल तिथे जिरवतो. ते उलट करत. तिथली बारीक पिवळी माती पहिल्या सरीत भिजली की वर खपली धरते, मग पाणी आत न मुरता पळतं. ते पळणारं पाणी उतारावरच्या छोट्या दगडी पाटांनी ओढ्यातल्या बांधबंदिस्त तुकड्यात आणायचं. एका तुकड्यासाठी वीस-तीस पट उतार राखलेला असे. उतारावर दगडांचे ढीग दिसतात. वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एवेनारी यांच्या मते दगड वेचले की खपली चांगली धरते आणि पाणी जास्त मिळतं. त्यांनी हे शेत पुन्हा उभं करून बाहेरच्या सिंचनाशिवाय बदाम आणि सातू (बार्ली) पिकवून दाखवलं.

जायचं ते नोव्हेंबर ते मार्च. पैसे भरण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा; तिकडची परिस्थिती झपाट्याने बदलते. चालायच्या दिवशी माणशी किमान तीन लिटर पाणी, सोबत ओआरएस. ‘आपल्याला उन्हाची सवय आहे’ या भरवशावर राहू नका. तिथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसत नाही, आणि डोकं दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि पूर याच हंगामात येतो. आभाळ निरभ्र असलं तरी वरच्या डोंगरात पडलेला पाऊस अरुंद घळीत भिंतीसारखा येतो. जॉर्डनमध्ये पेट्राच्या सिक घळीत १९६३ च्या एप्रिलमध्ये असंच पाणी आलं आणि वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी दगावले. नबाती लोकांनी घळीच्या तोंडाशी बांध घालून ओढा बोगद्याने बाजूला काढला होता. तो बांध कधीच मोडला होता. त्या दुर्घटनेनंतर तिथेच पुन्हा बांध घातला. आत शिरण्याआधी उजव्या हाताला तो बोगदा आजही दिसतो.