ऑइलपेंटखालची ठकी

संग्रहालयासाठी बाहुल्या गोळा करणं हे माझं काम आहे म्हटलं की लोकांना मौज वाटते. खरं तर अर्धा दिवस नोंदवहीत जातो आणि अर्धा लाकूड पोखरणाऱ्या किड्यांमागे. तरी मला हे काम मनापासून आवडतं. पण पावसाळ्याआधी सावंतवाडीजवळच्या एका घरी जे झालं, ते अजून सलतंय.

त्या घरात दोन पिढ्या खेळलेली ठकी होती. ठकी म्हणजे पांगाऱ्याच्या एकाच तुकड्यातून कोरलेली बाहुली. हात अंगालगतच, सांधा कुठे नाही, त्यामुळे रांगत्या पोरीने आपटली तरी मोडायचं काही नाही. कोकणात पांगारा कुंपणाला लावतात, त्यावर मिरवेल चढवतात. लाकूड हलकं, मऊ, पटाशीला अडत नाही. म्हणून लाकडी खेळणी करणाऱ्या चितारी मंडळींना ते आवडतं, आणि किड्यालाही. सावंतवाडीत त्यांच्या चितारआळीत रंगीत लाकडी फळं हवी तेवढी मिळतात, जुनी ठकी मात्र एखाद्या घरच्या फळीवरच सापडते. मला हवी असते ती तिची झीज. कुठला रंग आधी गेला त्यावरून पोर तिला कुठे धरायची ते कळतं. फोनवर आलेल्या फोटोत हिचं नाक गुळगुळीत झालं होतं, कमरेवरची लाली बोटांच्या मापाने उडाली होती. मी हरखून गेले होते.

आजींनी फडकं उलगडलं. लखलखीत लाल लुगडं, गुलाबी गाल, काळेभोर डोळे. ऑइलपेंट! वास अजून येत होता.

"तुमी बरी असलेलीच घेतास ना," आजी म्हणाल्या, "म्हणान रंगवन ठेवलंय."

आमच्या छापील अर्जात 'सुस्थितीतील वस्तूच स्वीकारल्या जातील' असं वाक्य आहे. खुर्च्या-कपाटांना शोभणारं, बाहुलीच्या बाबतीत निव्वळ मूर्खपणाचं. आणि ते त्यांना फोनवर वाचून दाखवलं होतं मीच. आजींनी भाच्याकडून रंगाचा डबा मागवला आणि सासरी पाठवायच्या लेकीसारखी तिला नटवली. मी "छान दिसतेय" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

परत आल्यावर एका सहकाऱ्याने सुचवलं, थिनरने पुसून टाक. हे असले सल्ले ऐकले की माझं डोकं उठतं. जो द्रव ऑइलपेंट सोडवेल, तो खालचा जुना रंगही ओढून नेईल. त्यावर लाखेचा हात असेल तर ती साध्या स्पिरिटनेही विरघळते. राहतं फक्त भिंगाखाली शस्त्रक्रियेच्या पात्याने खरवडणं. पाठीवर, दिसणार नाही अशा जागी मी दोन तास बसले आणि तिळाएवढी जागा मोकळी झाली. आत जुना लाल दिसला: मऊ, विटकरीकडे झुकणारा, जराही न चमकणारा.

तळाला रंग लावायला भाचा विसरला होता. तिथे चार बारीक भोकं होती आणि टेबलावर ठेवताच पिठासारखा भुसा सांडला, म्हणजे आत कीड. म्हणून आधी ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून 21 दिवस हवाबंद पिशवीत. निवड समितीतल्या एकांचं म्हणणं, नवा रंग आहे, परत करा. मी केली नाही. नोंदवहीत 'वरचा थर' या शब्दांपुढे कारण म्हणून आमच्या अर्जातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलंय.

परवा आजींचा फोन आला होता, काचेत लावली का विचारायला. मी म्हटलं, अजून नाही.