अष्टमीला पाणी बघायला आलेली कमिटी

मी सर्व्हेवाला. मुंबईच्या बंदरपट्ट्यात एका खाडीकाठी पोर्टला यार्ड वाढवायचंय, शेजारी शहराचा वॉटरफ्रंट ठरलाय, आणि दोघांच्या मधे एक पाणथळ तुकडा. तो भरायचा का, यावर संयुक्त पाहणी होती, आम्ही शहराच्या बाजूने लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, घ्यायला.

तारीख निघाली अष्टमीची, वेळ सकाळी अकरा. खाडीकाठच्या कुठल्याही पोराला विचारा, अष्टमीला भांग असते, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही. त्यात मुंबईकडे त्या दिवशी भर दुपारी ओहोटी. हेच पुनवेला किंवा अवसेला ठेवलं असतं तर बारा-एकला भरती टोकाला आणि अख्खी कमिटी गुडघाभर पाण्यात.

आकडे सांगतोच, सगळा खेळ तिथे आहे. पोर्टचे नकाशे चार्ट डेटमवर, म्हणजे जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी शून्य धरून, आमचे सरासरी समुद्रसपाटीवर, मुंबईत या दोन्हींत साधारण 2.5 मीटरचा फरक. म्हणजे एका कागदावर 1.2 आणि दुसऱ्यावर 3.7, जागा तीच! दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून तासन् तास मीटिंगा होतात आणि डेटम कुठला हे कुणी विचारत नाही. आम्ही बेंचमार्कवरून, म्हणजे उंची पक्की माहीत असलेल्या खुणेवरून, बांधाबांधाने लेव्हल ओढत आणली, उलटी नेऊन ताळा जुळवला, तुकड्याचा तळ चार्ट डेटमने 3.7 च्या आसपास. मुंबईची भांगेची सरासरी भरती 3.3, उधाणाची म्हणजे पुनव-अवसेची 4.4. आता तुम्हीच बघा, भांगेत तो कोरडाच राहणार ना?

पोर्टच्या कन्सल्टंटने बुटाने एक ढेकूळ फोडून दाखवलं, "पडीक आहे हो." दहा पावलांवर मोरीच्या भिंतीवर कंबरेच्या खाली पाण्याचा काळा पट्टा होता, खाली डबक्यात निवट्या उड्या मारत होत्या, तिकडे कोणी वळलं नाही. एक कोळी काका म्हणाले, "साहेब, पुनवेला या, होडीतून फिरवतो." सगळे हसले.

सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकाम-भरावाला आवर घालणाऱ्या, नोटिफिकेशनमधे भरतीरेषेची व्याख्याच उधाणाच्या भरतीवर आहे. आणि 2017 च्या पाणथळ नियमांतून सीआरझेडमधल्या जागा वगळल्यात, त्यामुळे पाणथळवाले म्हणतात आमचं नाही. मग ही पाहणी भांगेला कशी काय?

कामाचं बोलला तो एकच, शहराचा ड्रेनेजचा इंजिनियर. उधाणात उघाड्या, म्हणजे गटारांच्या तोंडाची दारं, बंद होतात, वरून पाऊस असेल तर गटारांचं पाणी ओहोटी लागेपर्यंत इथेच थांबतं, हे भरलं तर ते कॉलनीत शिरणार आणि वॉटरफ्रंटच्या पायऱ्यांवर चढणार. त्याला उत्तर मिळालं, "ड्रेनेज आजच्या विषयात नाही."

तारीख मुद्दाम काढली की सगळ्यांच्या सोयीने पडली, हे मला अजून ठरवता येत नाहीये. कमिटीचे साहेब माणूस म्हणून सरळ वाटले, माझी लेव्हलबुकं त्यांनी नीट वाचली. पण भरतीचं कोष्टक फोनवर मिळतं हो, तारीख काढताना एकाने तरी उघडायचं! रिपोर्टात आलं "पाहणीवेळी भूखंड कोरडा आढळला", जे खोटं नाही म्हणूनच जास्त चीड येते. आम्ही तिथी आणि भरतीची उंची लिहायला लावली, ती परिशिष्टात गेली.

अवसेची तारीख सुचवून फेरपाहणीचं पत्र दिलंय. उत्तर आलं, अधिकाऱ्यांच्या उपलब्धतेनुसार कळवू.