मास्तरचं कोपर

गेल्या आठवड्यात जुनी हार्ड डिस्क उघडली. निळ्या रबरी कव्हरातली, चालू होताना टकटक आवाज करणारी, म्हणून एरवी मी तिला हात लावायला घाबरते. आत २०१३ ते २०१८ या वर्षांतले आमच्या भांडुपच्या पोरांचे रॅपचे सायफर आहेत. एकूण २१४ क्लिप. बहुतेक माझ्याच हातच्या, आधी मोबाइलवर आणि नंतर दादाने हप्त्यावर घेतलेल्या कॅमेऱ्यावर काढलेल्या.

मी मास्तरला, आमच्या डीजेला, शोधत होते. तीन रात्री बसून सगळ्या क्लिप पाहिल्या. २१४ पैकी १९ क्लिपमध्ये तो आहे. त्या १९ पैकी १६ मध्ये फ्रेमच्या एका कडेला त्याचं डावं कोपर तेवढं दिसतं.

सायफर म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: पोरं गोल करून उभी राहतात, बीट, म्हणजे मागचा ताल, चालू असतो, आणि एकेक जण आत शिरून आपल्या ओळी म्हणतो. कधी लिहून आणलेल्या, कधी तिथल्या तिथे सुचलेल्या. एकाची संपते तिथून दुसऱ्याने उचलायची. माझं आजोळ रत्नागिरीकडचं, त्यामुळे मला हे पाहून पहिल्यांदा शक्ती-तुऱ्याची बारीच आठवली होती. तिथेही शाहीर समोरच्याला शब्दांत अडकवतो, तिथेही तालावरचा माणूस जागा ठेवतो म्हणून शाहिराला बोलता येतं. आमच्या गावच्या बारीच्या पत्रकावर शाहिराच्या नावाखाली ढोलकीवर कोण आहे हेही छापायचे. मामा ढोलकी वाजवायचा, म्हणून आमच्या घरी ती ओळ आधी वाचली जायची. हे सगळं माहीत असूनही हातात कॅमेरा आल्यावर मी पाच वर्षं फक्त शाहिराकडेच बघत राहिले.

मास्तरला मास्तर का म्हणायचे, तर तो सतत मोजायचा. ओठ हलताना दिसायचे. दिवसा एका मंडप डेकोरेटरकडे साउंडचं काम करायचा. हळदी, साखरपुडे, सत्यनारायण, मंडळांचे कार्यक्रम. रात्री टेम्पोत सामान भरून निघायचं, स्पीकर चढवायचे, वायरी ओढायच्या, पहाटे उतरवायचे. आमच्याकडे ‘डीजे’ हा शब्द याच कामाला चिकटला आहे. ‘हळदीला डीजे लावलाय’ म्हणतो आपण. ‘मिरवणुकीत डीजेला परवानगी नाही’ असं पेपरात छापून येतं. म्हणजे डीजे ही वस्तू झाली, ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. ती कोण वाजवतं हे विचारायची गरजच कुणाला पडत नाही. माझ्या आईला दादाने सांगितलं की आमच्या ग्रुपमध्ये एक डीजे आहे, तर तिचा पहिला प्रश्न होता, ‘अरे, ठेवता कुठे तो?’

तो माणूस आहे हे आईला कळलं ते तो घरी जेवायला आला तेव्हा. दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खाऊन तो तिला म्हणाला, ‘मावशी, तुमच्या मिक्सरचा आवाज बिघडलाय, बेअरिंग गेलंय.’ खरंच गेलं होतं.

त्याच्याकडे स्वतःचा असा एक जुना डबल सीडी प्लेयर होता, दोन चॅनेलचा मिक्सर आणि एका बाजूचा स्पंज गेलेला हेडफोन. टर्नटेबल, म्हणजे सुईने रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, त्याने आयुष्यात एकदाच हाताळलं असेल. पण त्या डबल प्लेयरवर वेग कमी-जास्त करायची पट्टी होती, आणि तेवढ्यावर त्याने जे केलं ते मी नंतर कुठेच ऐकलं नाही. बेंजो पार्टीची रेकॉर्डिंग त्याच्याकडे ढीगभर. त्यात एक जागा येते, जिथे बेंजो थांबतो, कॅसिओ थांबतो आणि नुसता ताशा आणि ढोल उरतो. चार-पाच सेकंदांची जागा. मास्तर त्याच गाण्याच्या दोन सीडी दोन्हीकडे लावायचा. एकीकडची ती जागा संपायच्या आत दुसरीकडची सुरू, तोवर पहिली मागे. असं पाच-पाच मिनिटं. वेग उतरवून उतरवून मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या आसपास आणायचा, की तोच मिरवणुकीतला ताशा जड, झुलता होऊन जायचा. त्यावर पोरं मराठीत बोलायला लागली की अंगावर काटा यायचा.

ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती. पुढे कधीतरी आम्ही न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या कूल हर्क या डीजेबद्दल वाचलं. ११ ऑगस्ट १९७३, सेजविक अव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत, हर्कच्या बहिणीने ठेवलेली पार्टी. हिप-हॉपचा जन्म तिथे झाला असं मानतात. हर्कची युक्ती नेमकी हीच: गाण्यात नुसता ताल उरतो ती जागा पकडायची आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन ती लांबवत न्यायची. लोक त्याच जागेवर नाचतात हे त्याने पाहिलं होतं. दादाने हे मास्तरला वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘त्र्याहत्तर साली? मग त्यांच्याकडे सीडी नव्हती. सुई उचलून बरोबर तिथेच ठेवायची म्हणजे...’ आणि हातानेच हवेत सुई ठेवून पाहिली.

सुरुवातीला हिप-हॉपमध्ये नाव डीजेचं आधी यायचं, हेही तेव्हाच कळलं. ग्रँडमास्टर फ्लॅश आधी, फ्युरियस फाइव्ह नंतर. एरिक बी आधी, रकीम नंतर. पार्टी डीजेची असायची, माइकवाला त्याच्यासाठी बोलायचा. मग हळूहळू माइक पुढे सरकला आणि टेबल मागे गेलं. मुंबईत तर टेबल बऱ्याच ठिकाणी आलंच नाही. यूट्यूबवरून इन्स्ट्रुमेंटल उतरवायचं आणि ब्लूटूथ स्पीकरवर लावायचं, त्यात भागतं. मी त्याला नावं ठेवत नाही. ज्या पोरांकडे काहीच नव्हतं त्यांनी त्यातूनच रस्ता काढला. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये पहिला व्हिडिओ आयपॅडवर केला, आणि तो पाहून आमच्याकडच्या दहा पोरांनी वह्या विकत घेतल्या. २०१५ मध्ये त्याचं आणि जे. बी. नगरच्या डिव्हाइनचं ‘मेरे गली में’ आलं, तेव्हा टेंभीपाड्याच्या उतारावर रिक्षावालेसुद्धा ते लावायचे. दोघांची नावं सगळ्यांना पाठ. बीट कुणाचा, हे मात्र आमच्यात एकट्या मास्तरने शोधून काढलं. दिल्लीच्या सेझचा. मोबाइलवर तो बीट त्याने इतक्यांदा ऐकला की आम्ही कंटाळलो. ‘इथे ड्रम काढलाय, बघ. शब्द पडायच्या आधी काढलाय.’

ती त्याची खासियत होती, काढून घेणं. पोरगं जोरदार ओळीवर येतंय हे त्याला आधी कळायचं. बरोबर त्या ओळीला तो आवाज बंद करायचा, ओळ उघडी पडायची, सगळे ओरडायचे, आणि पुढच्या मात्रेला बीट परत. ओरडा मिळायचा पोराला. क्लिपमध्ये हे सगळं आहे, मास्तर नाही. कोण चार ओळींनंतर श्वासाला अडखळतो, कोण गोंधळला की वेग वाढवतो, कोण ओळ विसरला की उजवा हात हलवतो, हे त्याला तोंडपाठ होतं. हात हलला की तो ताशाची ती जागा एक फेरा जास्त फिरवायचा. पोरगं सावरायचं, आणि बघणाऱ्यांना वाटायचं की हा मुद्दाम थांबला.

दादाला तो एकच गोष्ट सांगायचा, ‘चार मात्रा थांब, मग घूस.’ दादा थांबायचा नाही. त्याला सगळं पहिल्याच श्वासात बोलायचं असायचं.

रात्री दहाला बंद करायला लागायचं. मंडळाच्या ऑफिसातून वायर घ्यायचो, त्यामुळे त्यांचा शब्द मोडता यायचा नाही. दहा वाजले की मास्तर आवाज एकदम कधीच तोडायचा नाही. उतरवत उतरवत न्यायचा, शेवटी नुसता ढोल, मग तोही नाही. पोरं तेवढ्यात आपापली शेवटची ओळ बसवायची.

एका कॉलेजच्या फेस्टिव्हलला आम्ही ‘बॉम्बे बेसमेंट’ या बँडला पाहिलं होतं. केनियाहून आलेला बॉब ओमुलो माइकवर, सोबत बेस, ड्रम आणि डीजे. गिटार नाहीच. डीजे मेजर सी बाकीच्यांच्या बरोबरीने, उजेडात उभा. मास्तर पूर्ण वेळ कठड्याला टेकून फक्त त्या टेबलाकडे बघत होता. परतीच्या लोकलमध्ये म्हणाला, ‘आपलं टेबल पण जरा पुढे घेऊया.’ आम्ही हो म्हटलं. घेतलं नाही. पुढे घेतलं असतं तर माझ्या फ्रेममध्ये आलं असतं आणि मला वायरी दिसायला नको होत्या. हे मीच बोलले होते.

मग २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रॅपर पोरांवरचा ‘गली बॉय’ हा सिनेमा आला. चांगलं झालं, खूप चांगलं झालं. घरच्यांना पहिल्यांदा कळलं की पोरं काय करतात. अमरावतीचा १०० आरबीएच, स्वदेसी या मुंबईच्या ग्रुपचा तोडफोड, धारावीचा अल्ताफ ही मंडळी त्यातल्या एका गाण्यात एकत्र होती. दादाने ते गाणं आईला हेडफोन लावून ऐकवलं. कार्यक्रमांची बोलावणी यायला लागली. पण आयोजक सांगायचे, ट्रॅक पेनड्राइव्हवर आणा, वेळ दहा मिनिटं, माणसं दोन. दोनात मास्तर कसा बसणार? तो स्वतःच म्हणाला, जा तुम्ही, मी ट्रॅक बनवून देतो. आणि दिले. पण पेनड्राइव्हला दिसत नाही की गाणाऱ्याचा उजवा हात हलतोय. तिसऱ्याच कार्यक्रमात दादा ओळ विसरला, ट्रॅक पुढे निघून गेला, आणि तो स्टेजवर तसाच उभा राहिला. घरी येऊन त्याने वही कपाटात टाकली. ती अजून तिथेच आहे.

तोडफोडला मी एकदाच स्टेजवर पाहिलं. गुजरातीत इतक्या वेगाने आणि इतकं स्वच्छ बोलायचा की भाषा न कळणारेही मान डोलवायचे. स्वदेसीने त्याच २०१९ साली आरेच्या केलटीपाड्यातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं होतं, आणि त्याच ऑक्टोबरात आरेतली झाडं रात्रीत तोडली गेली. त्या आठवड्यात आमच्या प्रत्येकाच्या फोनवर ते गाणं फिरत होतं. २० मार्च २०२२ ला तोडफोड गेला. धर्मेश परमार. २४ वर्षांचा होता. दुपारपासून त्याचे व्हिडिओ यायला लागले ते रात्रभर येतच राहिले. स्टेजवरचा, हसणारा, मित्राच्या खांद्यावर हात टाकलेला. मी ते बघत बसले आणि मला रडू आवरेना. त्याच्यासाठी तर होतंच. पण मास्तर त्याच्या अकरा महिने आधी, एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत गेला होता, आणि आम्ही त्याच्यासाठी काही म्हणजे काही टाकू शकलो नव्हतो. हळदी बंद, मंडप बंद, वर्षभर हाताला काम नाही. शेवटी तो गोदामात पॅकिंगला जात होता. त्याच्या बायकोने फोटो मागितला, भिंतीवर लावायला. ग्रुपमध्ये सोळा जण होतो. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून दिला.

म्हणून ही हार्ड डिस्क.

१९ पैकी १६ मध्ये कोपर. दोनांमध्ये पाठ. राहिली एक, मे २०१६ ची, २ मिनिटं ४० सेकंदांची. ही मी काढलेली नाही, म्हणजे काढायची म्हणून काढलेली नाही. सायफर संपल्यावर कॅमेरा बंद करायचा राहिला आणि तो माझ्या हातात लोंबकळत होता. आधी जमीन, चपला, कुणाचे तरी बूट. मग मी कुठेतरी टेकले असणार, कारण चित्र स्थिर होतं, थोडं तिरकं. समोर मास्तर उभा आहे. निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, चेहऱ्यावर मंडळाच्या ट्यूबचा पांढरा उजेड. तो वायर गुंडाळतोय, पंज्यातून कोपराखाली, कोपराखालून पंज्यात, सगळे साउंडवाले गुंडाळतात तशी. शेजारी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, कुणाचा ते मला आठवत नाही. मास्तर वायरीच्या प्रत्येक फेऱ्याला मोजतोय.

‘एक, दोन, तीन, चार. आता तू.’

मुलगा उशिरा सुरू करतो. काय म्हणतो ते कळत नाही. मास्तर हसतो, वायरीचे दोन फेरे सोडतो आणि पुन्हा गुंडाळायला लागतो. ‘एक, दोन, तीन, चार.’ या वेळी मुलगा बरोबर येतो. मास्तर मान हलवतो पण थांबत नाही, वायर गुंडाळत राहतो, मुलगा बोलत राहतो. मग माझाच आवाज येतो, ‘अय्या, हे चालूच आहे,’ आणि क्लिप संपते.