तुम्ही विचारलंत म्हणून: असलं काही वर्गात दाखवायचंच कशाला?

"असले कटकारस्थानांचे व्हिडिओ वर्गात दाखवून तुम्हीच ते मुलांच्या डोक्यात भरवताय, असं नाही वाटत?" पालक विचारतात, स्टाफरूममध्ये सहकारी विचारतात. मी हसून वेळ मारून नेते. आज उत्तर देते.

मी काही भरवत नाही हो, ते आधीच भरलेलं असतं. माणूस चंद्रावर कसा गेला हे शिकायच्या आधी, तो गेलाच नाही हे सांगणारा व्हिडिओ मुलांनी पाहिलेला असतो. तरीही तुमची भीती अगदीच निराधार नाही. एकच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्येच दाखवून दिलंय. म्हणजे खोडून काढण्यासाठी का होईना, मीही ते पुन्हा ऐकवतेच. हे माहीत असूनही मी तो तास घेते.

त्याला कारण एक मुलगा. पूर्वी मी शंका घ्यायला शिकवायचे: कोण म्हणतंय, कशावरून म्हणतंय, त्यात त्याचा फायदा काय? एकदा त्याने उठून विचारलं, "चंद्रावर हवा नाही तर तिथला झेंडा फडकतो कसा?" मी सांगितलं, झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती, त्यामुळे तो पसरलेला दिसतो, आणि कापडाला पडलेल्या चुण्या फडकल्यासारख्या वाटतात. "फोटो खोटे असतील." मग 1969 मध्ये अपोलो 11च्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकाबद्दल, म्हणजे प्रकाश आला तसा परत पाठवणाऱ्या आरशांबद्दल, सांगितलं. पृथ्वीवरून त्यावर लेसर सोडला की साधारण अडीच सेकंदांत प्रकाश परत येतो. "तुम्ही स्वतः सोडून पाहिलाय?"

नाही पाहिलेला. तसं सांगितलं.

"मग मॅडम, कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, असं तुम्हीच म्हणालात ना? नासा सांगते म्हणून मी का ठेवू?"

वर्गाने बाकं वाजवली. माझ्याच फळ्यावरचे प्रश्न, माझ्याच क्रमाने. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते हे की पोरगं वर्गातलं सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारं होतं. ढ मुलाने हे विचारलं नसतं.

तेव्हाची मी अगदीच चुकीचं शिकवत होते, असं मी म्हणणार नाही. शंका हवीच. पण आपल्याला ठाऊक असलेलं बहुतेक सगळं कुणीतरी सांगितलेलंच असतं. तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही, यापेक्षा कुणावर आणि का, हे शिकवायला हवं होतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे पीएचडीधारक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्टचेकर (बातम्या-दावे खरे की खोटे ते तपासणारे) यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या होत्या. पीएचडीवाले त्याच पानावर बारकाईने वाचत बसले आणि पुष्कळदा फसले. फॅक्टचेकर चटकन त्या पानावरून उठले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधू लागले. आता आम्ही तेच करतो. झेंड्यावर वाद नाही, आधी चॅनेल कुणाचं ते बघायचं.

खरे कटही शिकवते, आणि त्यावर तर तुम्ही जास्तच नाराज असता. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांवर मुद्दाम उपचार केले नाहीत, त्यावरचं औषध पेनिसिलिन मिळू लागल्यावरही नाहीत. हे लपवून मी 'कट बिट काही नसतं' म्हणाले, तर खोटं मी बोलत असेन. मी दाखवते ते हे, की तो प्रकार बाहेर आला तो त्याच खात्यात पूर्वी काम केलेल्या एका माणसाने पत्रकाराला कागदपत्रं दिल्यामुळे.

तोच मुलगा म्हणाला, "बाहेर आलेलेच तुम्हाला माहीत आहेत. न आलेल्यांचं काय?" यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. अजूनही नाही.

वर्ष संपता संपता त्याने आपणहून त्या व्हिडिओवाल्याचा माग काढला. हा गडी आधी जगबुडीच्या तारखा सांगायचा, आता कसल्याशा गोळ्या विकतो. मी मनातून खूश. तो म्हणाला, "माणूस खोटारडा आहे मॅडम. पण म्हणून ते चंद्रावर गेलेच, असं कुठे सिद्ध होतं?"

तर्क म्हणून हे बिनचूक आहे, आणि मला त्याला तसं सांगावंच लागलं.