फाटकाखालून गेलेली पोर्शे

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटचे फाटक पडले की उद्यमबागेकडे कामाला निघालेले आम्ही सारे दुचाकी बंद करून निमूट उभे राहतो, आणि मला हटकून १९५४ सालची मिल्ले मिल्या ही इटलीतील शर्यत आठवते. हान्स हेरमान पोर्शे ५५० स्पायडर चालवीत होता, शेजारी हर्बर्ट लिंगे बसला होता. समोर फाटक खाली येत असल्याचे दिसले तेव्हा थांबण्याइतके अंतरच उरले नव्हते. हेरमानने लिंगेच्या हेल्मेटवर थाप मारून त्याला वाकायला लावले आणि गाडी दांडीखालून, येणाऱ्या आगगाडीच्या पुढ्यातून पार झाली. गाडी इतकी बुटकी होती म्हणूनच हे जमले.

हा बुटकेपणा आणि हलकेपणा टंचाईतून आला. युद्धानंतर पोर्शेचे काम ऑस्ट्रियातील ग्म्युंड गावी, एका जुन्या लाकूड कापण्याच्या गिरणीत चालत असे. १९४८ साली तिथे तयार झालेल्या पहिल्या ‘३५६’ या पोर्शे गाडीला फोक्सवॅगनचे ११३१ सीसीचे, जेमतेम ३५ अश्वशक्तीचे इंजिन होते. तिथल्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे पत्रे लाकडी साच्यावर हातानेच ठोकले जात. माझ्या वडिलांचा जन्म पत्रेकामात गेला. ठोकून झालेल्या पत्र्यावरून डोळे मिटून तळहात फिरवताना उंचवटा कुठे राहिला हे त्यांना बरोबर कळत असे. त्यामुळे ग्म्युंडच्या त्या पन्नासेक गाड्यांविषयी मला विशेष आपुलकी आहे. १९५१ साली अशाच एका ॲल्युमिनियमच्या गाडीने फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ११०० सीसीचा गट जिंकला.

मर्सिडीजची ३०० एसएल मात्र मोठ्या घरची. तिनेही तीन लिटरचे इंजिन कंपनीच्याच आलिशान मोटारीकडून घेतले होते, आणि नळ्यांच्या सांगाड्याच्या बाजू उंच असल्याने दारे वर उघडावी लागली. लोक त्याला डौल समजतात, ती खरे तर अडचण होती. १९५२ साली ल माँमध्ये पहिले दोन्ही क्रमांक तिचेच होते.

तरीही माझे मन रमते ते पोर्शेचा अभियंता एर्न्स्ट फुरमान याने ५५० साठी रचलेल्या, चार कॅमशाफ्टच्या (म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यांच्या) दीड लिटर इंजिनात. त्याचे कॅमशाफ्ट साखळीने नव्हे, तर दांडे आणि बेव्हल गिअर यांनी फिरत, त्यामुळे झडपांचे टायमिंग जुळवायला कुशल कारागिरालाही तासन्तास लागत. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरत्या गतीत बदलणारा मुख्य दांडा, तर तुकड्यांचा: जोडणीच्या तोंडावर दाते पाडून ते बोल्टने आवळलेले, म्हणजे पिस्टनला त्याच्याशी जोडणारे अखंड कनेक्टिंग रॉड आणि रोलर बेअरिंग आत बसवता यावेत. आयुष्यभर एकसंध क्रँकशाफ्ट घासत आलेल्या माझ्यासारख्याला, इतके दाते एकमेकांत अचूक बसवून तो शाफ्ट सरळ ठेवणे म्हणजे काय, याचा विचारच दडपण आणतो. याच इंजिनाच्या बळावर १९५६ साली उंबेर्तो माल्योलीने ५५० ए घेऊन सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही शर्यत जिंकली, आणि तीही गटातली नव्हे, सगळ्या मोठ्या इंजिनांना मागे टाकून, आपल्या चोर्ला घाटासारख्या वळणावळणांच्या ७२० किलोमीटर रस्त्यावर.