बीएस्सी गणित: पहिल्या दिवसापासूनची आखणी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं पीयूसीनंतर (म्हणजे अकरावी-बारावीनंतर) आधी कॉलेजचं नाव विचारतात. त्याआधी अभ्यासक्रमाची प्रत मिळवा. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे, त्यामुळे वेळ मोजकाच आहे. जोडीला संगणकशास्त्र मिळत असेल तर जरूर घ्या.

पीयूसीत ठरावीक रीतीची गणितं सोडवून गुण मिळतात, रिअल ॲनालिसिसमध्ये (कॅल्क्युलसचा तर्कशुद्ध पाया घालणाऱ्या विषयात) मात्र सिद्धता लिहावी लागते आणि नेमकी इथेच हुशार मुलंही अडकतात. सातत्याची व्याख्या म्हणते, प्रत्येक एप्सिलॉनसाठी (फलनाच्या किमतीत चालणाऱ्या फरकासाठी) एक डेल्टा (बिंदूपासूनचं पुरेसं लहान अंतर) सापडतो. हाच क्रम उलटवून ‘एकच डेल्टा सगळ्या एप्सिलॉनला पुरतो’ असं लिहिलं, तर त्या बिंदूजवळ फलन स्थिरच असावं लागेल. मग एक्सचा वर्गही शून्यापाशी सतत ठरणार नाही! म्हणून पहिल्याच सेमिस्टरला रोज एक सिद्धता पुस्तक मिटून लिहा. पाठांतर इथे अजिबात चालत नाही.

लिनिअर अल्जिब्रा अनेक चलांच्या कॅल्क्युलसआधी पक्का करा, कारण तिथला डेरिव्हेटिव्ह म्हणजे रेषीय रूपांतरणच असतं. ग्रुप थिअरीत सहा घटकांचा एस-थ्री, म्हणजे तीन वस्तूंच्या अदलाबदलींचा ग्रुप, उदाहरण म्हणून हाताशी ठेवा. क्रमनिरपेक्ष नसलेला (क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं असा) तो सर्वांत लहान ग्रुप. चुकीचे अंदाज तिथेच उघडे पडतात.

एमएस्सीसाठी जॅम (आयआयटी वगैरेंची प्रवेश परीक्षा) द्यायची असेल तर दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीपासून जुन्या प्रश्नपत्रिका घ्या: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. निगेटिव्ह गुण फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना असतात, संख्या लिहायच्या प्रश्नांना नाहीत.